उपाध्याय : एका शब्दाचे वारस आणि ऋणको

संस्कृत शब्दांच्या परदेशगमनाविषयी मराठीत जे लेखन होत आले आहे, त्याचा सूर बहुधा अभिमानाचा असतो. शब्द येथून निघाला, अमुक देशात पोचला, तेथे तो आजही नांदतो आहे, एवढे सांगून झाले की लेखाचे काम संपते. शब्द ज्यांनी घेतला त्यांनी तो कोणत्या गरजेपोटी घेतला आणि घेतल्यावर त्याचे काय केले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. त्याहूनही गैरसोयीचा प्रश्न असा की, ज्यांच्या घरी शब्द जन्मला त्यांनी त्याचे काय केले? शिक्षकवाचक शब्दांच्या बाबतीत हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही.

अशा लेखांत 'गुरू' हा शब्द हमखास पुढे केला जातो. इंडोनेशियात तो साध्या शाळाशिक्षकाला लावतात. 'गुरू बसार', म्हणजे शब्दशः 'थोर गुरू', हा इंडोनेशियात विद्यापीठीय प्राध्यापक असतो, तर शेजारच्या मलेशियात तोच शब्दप्रयोग प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी रूढ आहे. थायलंडमध्ये शाळेत शिकवणारा तो 'ख्रू' आणि विद्यापीठात शिकवणारा तो 'आचान', म्हणजे आचार्य. कंबोडियात 'क्रू' हा शिक्षकही असतो आणि झाडपाल्याची औषधे देणारा वैदूही असतो. इंग्रजीने तो आधी धर्मोपदेशकासाठी घेतला, मग कोणत्याही विषयातल्या तज्ज्ञासाठी वापरला, आणि तेथून तो 'मॅनेजमेंट गुरू' होऊन मराठी वृत्तपत्रांत परत आला. ही सारी माहिती रंजक खरी. पण दोनच अक्षरांचा हा शब्द प्रवासात फारसा झिजत नाही, त्यामुळे तो कोणाच्या तोंडी किती आपला झाला याचा अंदाज त्यावरून येत नाही. त्यासाठी एखादा लांब, जोडाक्षरांनी जड असलेला शब्द घ्यावा लागतो. 'उपाध्याय' हा तसा शब्द आहे.

त्याची घडण अगदी पारदर्शक आहे. जवळ जाऊन ज्याच्यापासून अध्ययन करायचे तो उपाध्याय. म्हणजे हा मुळात नातेदर्शक शब्द आहे, आणि ते नाते कृतीने निर्माण होणारे आहे. कोणीतरी जवळ गेले पाहिजे, कोणीतरी शिकवले पाहिजे. त्यावाचून उपाध्याय संभवत नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात या शब्दाला एक बेताची जागा दिली आहे. उपनयन करून कल्पासह आणि रहस्यासह वेद शिकवणारा तो आचार्य. वेदाचा एखादा भाग किंवा वेदांगे उपजीविकेसाठी शिकवणारा तो उपाध्याय. आचार्याची योग्यता दहा उपाध्यायांइतकी, असा हिशेबही तेथे मांडलेला आहे. थोडक्यात, हा मोबदला घेऊन शिकवणारा शिक्षक आहे, आणि स्मृतिकाराच्या दृष्टीने तो जरा उणाच आहे.

बौद्ध संघात ही उतरंड उलटी झाली. विनयपिटकातील 'उपज्झाय' हा आचार्याच्या खालचा नव्हे, वरचा आहे. भिक्षूला उपसंपदा मिळायची तर उपाध्याय हवाच, आणि त्या उपाध्यायाला स्वतः भिक्षू होऊन किमान दहा वर्षे झालेली हवीत. उपाध्याय दूर गेला किंवा निवर्तला तर त्याच्या जागी आचार्य धरायचा. महावग्गात या दोघांची कर्तव्ये मोठ्या तपशिलाने सांगितली आहेत. शिष्याने उपाध्यायाचे दात घासायचे साहित्य आणून ठेवायचे, त्याचे पात्र धुवायचे, खोली झाडायची. आणि शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने नेमके हेच त्याच्यासाठी करायचे. दोघांनी परस्परांकडे पितापुत्रांप्रमाणे पाहावे, असा दंडक आहे. सेवा दोन्ही बाजूंनी वाहते, हे या नियमांचे वैशिष्ट्य. गुरुसेवेची वर्णने भारतीय वाङ्मयात विपुल आहेत. शिष्यसेवेची इतकी रेखीव वर्णने मात्र विरळाच. जैन परंपरेतही पंचपरमेष्ठींत आचार्यांनंतर 'उवज्झाय' येतात, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन घरांत हे प्राकृत रूप रोज उच्चारले जाते. भारताबाहेर जो शब्द गेला तो मनूचा नव्हे, तो विनयातला. हे ध्यानात ठेवले नाही तर पुढचे काहीच उलगडत नाही.

प्राकृतात 'ध्य'चा 'ज्झ' होतो. 'मध्य'चे 'मज्झ' झाले तसे 'उपाध्याय'चे 'उवज्झाय' झाले. पुढे 'उव' मिळून 'ओ' झाला आणि 'ओज्झा', 'ओझा' ही रूपे आली. मिथिलेत तर अग्राक्षरही गळून नुसता 'झा' उरला. चार अक्षरांचा भार एका अक्षरावर आला. या झिजेचा एक साक्षीदार अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडतो. चिनी भिक्षू इत्सिंग इ. स. ६७१ मध्ये समुद्रमार्गे भारताकडे निघाला, नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला, आणि परतीच्या वाटेवर श्रीविजयात मुक्काम असताना त्याने भारतातील संघाच्या आचारांचा वृत्तांत लिहून ६९२ मध्ये मायदेशी पाठवला. त्यात तो एक तक्रार नोंदवतो. चीनमध्ये भिक्षूला 'ह-शांग' म्हणतात ते चुकीचे आहे. भारतात विद्वान माणसाला लोक सर्रास ज्या शब्दाने हाक मारतात (इत्सिंगची चित्राक्षरे 'ओझा'सारखाच उच्चार दाखवतात) तोही ग्रंथातला शब्द नव्हे. संस्कृत ग्रंथांत आणि विनयात 'उपाध्याय' असेच आहे. उत्तरेकडच्या देशांत लोक भलताच उच्चार करतात आणि जुन्या भाषांतरकारांनी तोच उचलला, असे त्याचे म्हणणे.

तक्रार शास्त्रशुद्ध आहे, आणि तरीही ती हरलेली आहे. 'ह-शांग' हा शब्द इत्सिंगच्या आधी तीनशे वर्षांहून अधिक काळ चिनी भाषेत होता. चौथ्या शतकात उत्तर चीनमधील दरबारात मान मिळवलेल्या फोथुतंग या मध्य आशियाई भिक्षूला (मृत्यू ३४८) राजा याच शब्दाने संबोधत असे. शब्द नालंदेच्या पाठशाळेतून आला नव्हता. तो वाळवंटाच्या कडेकडेने वसलेल्या राज्यांतल्या भिक्षूंच्या तोंडून, प्राकृतावर आणखी एक संस्कार होऊन आला होता. तो लिहिण्यासाठी निवडलेल्या दोन चित्राक्षरांचे अर्थ 'सलोखा' आणि 'आदर' असे आहेत. 'उप', 'अधि' आणि 'इ' यांचा तेथे मागमूस नाही, परंतु चिनी वाचकाला त्यांची उणीव भासली नाही. इत्सिंगने शुद्ध रूप चित्राक्षरांत बसवून दाखवले. ते पोथ्यांमध्ये राहिले. अशुद्ध रूप मात्र कोरियात, व्हिएतनाममध्ये आणि जपानमध्ये पोचले. व्युत्पत्तिशास्त्राच्या अभ्यासकाला इत्सिंगविषयी सहानुभूती वाटणे स्वाभाविक आहे. भाषेला ती वाटत नाही, एवढेच.

जपानात या एका चिनी शब्दाचे तीन उच्चार झाले. झेन पंथात तो 'ओशो', तेंदाई पंथात 'काशो', आणि विनयाला प्रमाण मानणाऱ्या रित्सू पंथात 'वाजो'. (मराठी वाचकाला यांतला पहिला उच्चार पुण्यातील एका आश्रमामुळे परिचयाचा झाला. तेथे त्याची अन्य व्युत्पत्तीही सांगितली गेली. पण जपानी शब्दाचा उगम पाहू जाता मागे 'उपाध्याय' उभा आहे.) तिसऱ्या उच्चाराशी निगडित असलेली हकीकत अधिक महत्त्वाची आहे. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानात बौद्ध ग्रंथ होते, मंदिरे होती, भिक्षूही होते. पण विनयानुसार उपसंपदा देता येईल असा पुरेसा अधिकारी भिक्षुवर्ग नव्हता. तीन गुरू आणि सात साक्षी मिळून दहा जण लागतात, आणि त्या तिघांत पहिला उपाध्याय. हा शब्द कागदावरून आयात करून भागणार नव्हते, माणूस आणावा लागणार होता. यांगचौचा विनयपंडित गांजिन (६८८–७६३) याने ते निमंत्रण स्वीकारले. पाच वेळा समुद्राने, वादळाने आणि राजाज्ञेने त्याला परत फिरवले. त्या वर्षांत त्याची दृष्टी गेली. ७५३ मध्ये सहाव्या खेपेस तो जपानच्या किनाऱ्याला लागला, आणि पुढच्या वर्षी नारा येथील तोदाई-जी मंदिरात त्याने उपसंपदा दिली. जपान त्याला आजही 'गांजिन वाजो' म्हणून ओळखते. 'उपाध्याय' या शब्दाचा इतका अक्षरशः अर्थ भारतातही क्वचितच कोणी जगला असेल. फरक इतकाच की येथे शिष्य जवळ गेला नाही, उपाध्यायच गेला.

तिबेटने तिसरी रीत स्वीकारली. तेथे शब्द न घेता त्याचा अनुवाद केला गेला : 'खेनपो'. नालंदेहून आलेल्या शांतरक्षिताचा उल्लेख तिबेटी परंपरा 'खेनपो बोधिसत्त्व' असा करते. आठव्या शतकाच्या अखेरीस सम्ये येथे जो प्रसिद्ध वाद झाल्याचे सांगतात, त्यात एका बाजूला शांतरक्षिताचा शिष्य कमलशील होता आणि दुसऱ्या बाजूला एक चिनी ध्यानाचार्य, ज्याला तिबेटी ग्रंथ 'ह्वा-शांग महायान' म्हणतात. त्याचे 'ह्वा-शांग' हे अभिधान म्हणजे चीनमार्गे आलेला उपाध्यायच. एकाच संस्कृत शब्दाची एक अनुवादित आणि एक झिजलेली अशी दोन रूपे समोरासमोर उभी राहिली, आणि ती परस्परांची नातलग आहेत हे त्या सभेत कोणाच्या ध्यानात आले असण्याचा संभव नाही. ज्ञान क्रमाक्रमाने मिळते की एकदम, हा वादाचा विषय होता. जवळ जाऊन, बसून, टप्प्याटप्प्याने शिकण्याची बाजू कमलशीलाची, म्हणजे 'उपाध्याय' शब्दाच्या मूळ अर्थाचीच होती.

आता शब्दाच्या माहेरी यावे. येथे त्याचे झाले ते असे : तो आडनाव झाला. बंगालमध्ये बंद्योपाध्याय, मुखोपाध्याय, चट्टोपाध्याय, गंगोपाध्याय ही कुलनामे. बोलण्यात ती 'बाँडुज्ये', 'मुखुज्ये', 'चाटुज्ये' अशी होतात, आणि त्यांतला शेवटचा 'ज्ये' हा 'उवज्झाय'चाच अवशेष आहे. इंग्रजी अमदानीत बॅनर्जी, मुखर्जी, चॅटर्जी अशी रूपे आली आणि अनेकांना त्यांतला 'जी' आदरार्थी वाटू लागला. भारदस्त दिसणारी 'उपाध्याय'वाली रूपे या बोलीतल्या नावांना संस्कृताचा मुलामा देऊन प्रतिष्ठित झालेली आहेत. बंगाली भाषेच्या उद्गमाचा आणि विकासाचा पायाभूत ग्रंथ १९२६ मध्ये लिहिणारे सुनीतिकुमार चट्टोपाध्याय यांच्या नावातच ही सारी उठाठेव वसती करून होती. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय हे डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. त्यांच्या नावातला उपाध्याय काहीही शिकवत नव्हता. ज्यांनी बंगालला अक्षरे शिकवली, १८५५ मध्ये 'वर्णपरिचय' लिहिले, ते ईश्वरचंद्र बंद्योपाध्याय मात्र आडनावाने ओळखले जात नाहीत. संस्कृत कॉलेजात अध्ययनाने मिळवलेली 'विद्यासागर' ही पदवी त्यांचे नाव होऊन बसली आणि जन्माने आलेला उपाध्याय मागे राहिला.

महाराष्ट्राची गोष्ट निराळी नाही. येथे 'उपाध्याय', 'उपाध्ये', 'पाध्ये' अशी उतरती रूपे आहेत. 'पाध्ये'मधला 'ध्य' सांगतो की, हे प्राकृतातून आपसूक आलेले रूप नव्हे. तसे असते तर येथे 'झ' दिसला असता, आणि 'वझे' या आडनावाचा मार्ग त्या बाजूने येतो असे मानण्यास ध्वनिनियमांची आडकाठी नाही. 'पाध्ये' हा संस्कृत शब्द पुन्हा नव्याने घेऊन मराठी जिभेने कातरलेला आहे. 'धर्मसिंधु' हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या अखेरीस रचणारे पंढरपूरचे पंडित ग्रंथावर काशीनाथ उपाध्याय आहेत आणि लोकांत बाबा पाध्ये. एकाच माणसाच्या ठायी शब्दाची पोथीतली आणि गल्लीतली अशी दोन्ही रूपे सुखाने राहिली. गावगाड्यात मात्र 'उपाध्या' हा पढवणारा नव्हता. तो यजमानकृत्याचा पिढीजात हक्क असलेला वतनदार होता. वतन म्हटले की वाटण्या आल्या, तंटे आले. उपाध्येपणाचा हिस्सा विकता वा गहाण टाकता येऊ लागला, तेव्हा 'जवळ जाऊन अध्ययन' या मूळ अर्थाचा शब्दाशी संबंध उरला नव्हता. १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा सुरू झाली तेव्हा तेथे शिकवणाऱ्यांसाठी हा शब्द कोणाला सुचणे शक्यच नव्हते. नवे शिक्षण देणाऱ्यांना मराठीने 'पंतोजी' म्हटले, 'मास्तर' म्हटले, 'गुरुजी' म्हटले, 'बाई' म्हटले. 'उपाध्या' म्हटले नाही. आडनावापुरता उरलेला शब्द मग कोणाच्याही नावापुढे शोभू लागला. प्राकृत ग्रंथांच्या संपादनात आयुष्य वेचणारे आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये (१९०६–१९७५) हे नावाला जागले, हा सुखद योगायोग. 'वासूनाका'मधून (१९६५) मुंबईच्या नाक्यावरची अनावृत भाषा मराठी साहित्यात आणणारे भाऊ पाध्ये यांचे आडनाव, वाचकाला ते शब्दाच्या कुळीसह आठवले तर, अगदी वेगळ्या रीतीने बोलके वाटते.

स्त्रीरूपांकडे पाहिले की हाच फरक अधिक टोकदारपणे दिसतो. पतंजलीच्या काळापासून व्याकरणकार दोन रूपे वेगळी ठेवत आले. स्वतः शिकवणारी ती 'उपाध्याया' किंवा 'उपाध्यायी'. उपाध्यायाची पत्नी ती 'उपाध्यायानी'. व्याकरणाला भेद करावा लागला याचा अर्थ शिकवणारी स्त्री व्यवहारात होती. पुढे लोकभाषांत टिकले ते पत्नीवाचक रूप. हिंदी पट्ट्यात 'ओझाइन' म्हणजे ओझाची बायको. तिने काही शिकवण्याची अपेक्षा शब्दात नाही. उलट चिनी विनयात 'ह-शांग' या शब्दाला भिक्षुणीवाचक 'नी' हे चित्राक्षर जोडून जो शब्द केला, तो उपसंपदा देणाऱ्या ज्येष्ठ भिक्षुणीचा. तेथे पत्नीचा प्रश्नच नव्हता. संघात लग्न नाही. पण म्हणूनच शिकवणाऱ्या स्त्रीचे नाव पतीच्या आडून न येता सरळ आले.

यावरून भारतात शब्दाचा अर्थ बुडाला आणि बाहेर तरला, असा सरसकट निष्कर्ष काढता येणार नाही. चीनमध्येही 'ह-शांग' कालांतराने कोणत्याही मुंडित भिक्षूचे नाव झाला आणि म्हणींत, विनोदांत त्याची यथेच्छ टवाळी झाली. आणि भारतातही जेथे शब्द वारशाने न येता उसना आला, तेथे तो कामाला लागलेला दिसतो. तमिळने 'उपाध्याय'पासून 'वात्तियार' केला. ब्राह्मण घरांत तो पुरोहित. पण गावात, कोणत्याही जातीचा असो, शाळेत शिकवणारा तो वात्तियार. चित्रपट-अभिनेते आणि नंतर मुख्यमंत्री झालेले एम. जी. रामचंद्रन यांना त्यांचे चाहते प्रेमाने 'वात्तियार' म्हणत. संथाळांमध्ये 'ओझा' हा रोग्याचे दुखणे ओळखणारा, मंत्र जाणणारा. बंगालमध्येही 'ओझा' सापाचे विष उतरवणारा आहे. सुशिक्षित वाचक या अर्थाकडे अधःपात म्हणून पाहतो, परंतु तो दृष्टिदोष आहे. ज्या समाजाला वेद शिकण्याचा अधिकार नव्हता, त्याने हा शब्द आपल्याजवळच्या ज्ञानाला लावला. हे ज्ञानही ओझाजवळ जाऊनच शिकावे लागते. बंगालीत रामायण आणणाऱ्या कृत्तिवासाचे उपनाम ओझा आहे आणि विष उतरवणाराही ओझाच, ही गोष्ट शब्दाला कमीपणा आणणारी खासच नाही.

आसामात दरंगकडे 'ओजापाली' हा गायन-नृत्य-कथनाचा प्रकार आहे. त्यातला 'ओजा' मधोमध उभा राहून हस्तमुद्रांसह कथा गातो, आणि 'पाली' म्हणजे साथीदार पायाने ठेका धरत त्याचे पद उचलतात. साथीदारांमधल्या 'डाइना पाली'ला ओजाशी संवाद करावा लागतो, त्याला मध्येच विचारावे लागते, हसवावे लागते. ओजा होण्यासाठी पालींमध्ये वर्षे काढावी लागतात. विनयातल्या दहा वर्षांच्या अटीची येथे आठवण होते. अर्थात दोहोंचा काही ऐतिहासिक संबंध नाही, शिकण्याला वेळ लागतो इतकेच दोन्ही ठिकाणी ठाऊक आहे.

असमियातल्या या रूपाशी जुळणारा शब्द मणिपूरच्या मैतेई भाषेत आहे. ही भाषा तिबेटी-बर्मी कुळातली. संस्कृताशी तिचे रक्ताचे नाते नाही. इंफाळच्या शाळेत मुले शिक्षकाला 'ओजा' म्हणतात. पुंग वाजवायला शिकवणारा, रास शिकवणारा तोही ओजाच. शिकवणाऱ्याच्या कुळाची चौकशी त्या शब्दात नाही, आणि त्याच्या मुलाला तो शब्द आपोआप मिळत नाही.